मेपल जमिनीतच लावायचा

इंग्लंडातल्या लेस्टरच्या अर्चनाताई वर्तकांच्या घरामागे चाळीस वर्षं बाग होती, पण त्या बागेत जमीन नव्हती. स्वयंपाकघराच्या दारापासून थेट कुंपणापर्यंत करड्या सिमेंटच्या फरशा, आणि त्या फरशांवर एकतीस कुंड्या. गुलाब कुंडीत, जिरेनियम कुंडीत, पुदिना कुंडीत. तुळस आणि कढीपत्ता तर थंडी पडली की कुंडीसकट घरात. हे सगळं डोकं त्यांच्या यजमानांचं. मिलिंद वर्तक विणकामाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले ते ‘फक्त पाच वर्षं’ असं सांगून. पाचाची दहा झाली, दहाची वीस. नाशिकला घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर बाभळी माजल्या. मुलगा अपूर्व इथेच जन्मला, इथेच शिकला आणि एडिनबराला एका पेन्शन फंडात नोकरीला लागला. तरी मिलिंदराव काही कुंडीवरून खाली उतरले नाहीत. कुंड्या कशा, निघताना कुणालाही देता येतात; जमिनीत लावलेलं झाड नेता येत नाही आणि टाकून जाववत नाही, असं ते म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी ते निघाले खरे, पण नाशिकला नव्हे. हृदयविकाराने दोन दिवसांत गेले. फरशा आणि कुंड्या राहिल्या.

त्या फरशांनीच घात केला. फेब्रुवारीतल्या एका सकाळी अर्चनाताई दोरीवरची चादर काढायला गेल्या, शेवाळावरून पाय सटकला आणि मनगट मोडलं. वय सदुसष्ट. उठता येईना, हाक पोचेना. तासाभराने शेजारचा डेरिक पक्ष्यांना दाणे घालायला आला, तेव्हा त्याला कुंपणापलीकडून आवाज गेला. डेरिक अस्सल लेस्टरचा, ऐंशी उलटलेला, समोर येईल त्या बाईला तिथल्या बोलीत लाडाने ‘मी डक’, म्हणजे ‘माझे बाई’, म्हणणारा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याने यांच्या अंगावर स्वतःचा कोट घातला आणि बागेत बर्फावर कोण कधी पडलं याच्या कहाण्या ऐकवल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने अपूर्व हजर. त्याने आईचं प्लॅस्टर पाहिलं, मागचं दार पाहिलं, आणि कित्येक महिने डोक्यात घोळवलेलं असावं अशा थाटात बोलला.

“आई, आमचा खालचा रूम रिकामी आहे. बाथरूमला हँडल पण लावलाय तुझ्यासाठी. तू एकटी इथे पडून राहणार, दॅट्स नॉट अ प्लॅन.”

मुलगा काही चुकीचं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. सून कस्तुरी चांगली, नात आर्या गोड, खोली उजेडाची. नाही म्हणायला कारण सापडेना. पण अर्चनाताईंनी एकोणतीस वर्षं हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काढली होती. जंतू कुठला ते कळल्याशिवाय औषध ठरवायचं नाही, ही तिथली शिस्त. त्यांनी तपास केला तेव्हा दोष त्यांच्या वयाचा नाही, घराचाही नाही, फरशांचा आहे असं त्यांचं मत पडलं. मनगटाचं प्लॅस्टर सुटल्यावर मे महिन्यात दोन माणसं बोलावून त्यांनी सगळ्या फरशा उखडून काढल्या. खाली चाळीस वर्षं ऊन न पाहिलेली, पिवळट, चिकट माती निघाली. तिच्याकडे बघत त्या बराच वेळ दारात उभ्या राहिल्या. आपलीच जमीन त्या पहिल्यांदा बघत होत्या.

तिथे काय लावायचं हे मात्र केव्हाच ठरलं होतं. लॅबच्या खिडकीतून हॉस्पिटलचा एक आतला चौक दिसायचा आणि त्या चौकात एक जपानी मेपल होता. मायक्रोस्कोपवरून डोळे उचलले की तो दिसायचा. वर्षभर आपला गप्प, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ऑक्टोबर सरताना मात्र पंधरा दिवस असा लालभडक व्हायचा की चौकात दिवा लावावा लागू नये. निवृत्त झाल्यावर त्यांना माणसांची आठवण आली नाही असं नाही, पण खरं सांगायचं तर झाडाची जास्त आली. कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून सांगितलं नव्हतं.

तो अख्खा उन्हाळा त्यांनी नुसतं ऊन मोजलं. सकाळी नऊला, दुपारी एकला, संध्याकाळी पाचला ऊन कुठपर्यंत येतं तिथे काड्या खोचायच्या आणि आलेखाच्या कागदावर टिपायचं. मेपलला सकाळचं ऊन चालतं, दुपारचं भाजतं, वारा तर बिलकूल खपत नाही, हे सगळं वाचून झालं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर बारा फुटांवर, डेरिकच्या कुंपणाच्या आडोशाला जागा ठरली. मग सोबतीची झाडं. मेपलच्या पायाशी नेचे, त्यांच्या पुढे रुंद पानांचे होस्टा, कडेला वाऱ्यावर लवणारं बुटकं जपानी गवत, आणि कडाक्याच्या थंडीत फुलणारं सायक्लमेन. केळीच्या पानावर मीठ कुठे, चटणी कुठे, भाताची मूद कुठे हे जसं ठरलेलं असतं, तसं त्यांनी कागदावर सगळं वाढून घेतलं. मूद अर्थात मेपलची.

रोपवाटिकेतल्या मुलीने त्यांना ओसाकाझुकी जातीचा मेपल दाखवला आणि मातीची चौकशी केली. चिकणमाती म्हटल्यावर तिने मान हलवली. ही झाडं नाजूक असतात, मोठ्या कुंडीत ठेवा, कुंडीत फार छान राहतात, असं ती सांगू लागली. बिचारीला काय ठाऊक! कुंडी हा शब्द ऐकला आणि अर्चनाताईंच्या कपाळावर आठी चढली. चाळीस वर्षं कुंड्याच केल्या, आता जमिनीत, असं त्यांनी तिला इंग्रजीतून इतकं ठासून सांगितलं की ती मुलगी मुकाट्याने ढकलगाडी आणायला गेली.

त्या रविवारी अपूर्वचा व्हिडिओ कॉल आला. त्याने खोलीचा विषय काढायच्या आत यांनी आपला काढला. हे झाड सांभाळायला अवघड असतं, सगळे म्हणतात. तुला मी इथे एकटी सांभाळून राहू शकेन का ही शंका आहे ना? मग पुढच्या वर्षी दिवाळीला ये. झाड जगलेलं असलं तर एडिनबराचा विषय कायमचा बंद. मेलेलं असलं तर मी बॅग भरते. अपूर्वला हे जरा नाटकी वाटलं, पण आई अटी स्वतःहून घालतेय म्हटल्यावर तो कशाला नाही म्हणेल.

ऑक्टोबरमध्ये झाड लागलं. आणि लावताना अर्चनाताईंनी ते केलं, जे त्यांच्या हातांना लहानपणापासून येत होतं. त्यांचं माहेर अलिबागजवळच्या नागावचं. घरामागे नारळी-पोफळीची वाडी, आणि प्रत्येक झाडाला आळं. गोल, खोलगट, काठ नीट थापलेलं. पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात जायचं, आणि शाळेत जायच्या आधी आळ्यातला पाचोळा काढणं हे त्यांचं काम. आळं नसलेलं झाड म्हणजे ज्याला कुणी विचारत नाही असं झाड. तेव्हा लेस्टरमध्येही खड्डा चांगला खोल झाला, मेपल त्यात बसला, आणि भोवती दीड हाताचं सुबक आळं झालं. काठ त्यांनी तळव्याने थापून गुळगुळीत केला. डेरिक कुंपणावरून बघत होता. हा किल्ल्याचा खंदक कशासाठी, असं त्याने विचारलं. आमच्याकडे झाडाची अशीच बडदास्त ठेवतात, असं यांनी सांगितलं. “सूट युअरसेल्फ, मी डक,” म्हणून तो आत गेला.

हिवाळाभर पाऊस लागला. इथला पाऊस धो धो पडून मोकळा होत नाही, महिनाभर रेंगाळतो. आळं भरलेलं राहिलं, आणि अर्चनाताईंना ते बघून बरं वाटायचं. भरलेलं आळं म्हणजे वाडीला धनी आहे, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं की त्यांनी त्याचा फोटो काढून अपूर्वला पाठवला. लॅबमध्ये दुसऱ्या कुणी असली ढिलाई केली असती तर यांनी त्याला धारेवर धरलं असतं. पण माहेरच्या गोष्टीची तपासणी कोण करतं?

मार्च संपला. गल्लीतल्या दुसऱ्या एका मेपलला कोवळी पालवी आली, यांच्या झाडाला काही येईना. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी नखाने साल खरवडून पाहिली. हिरवी निघायला हवी ती तपकिरी निघाली. वर, खाली, बुंध्याशी, सगळीकडे तपकिरी. मग फावडं घेऊन झाड उपटलं. मुळं काळी पडली होती आणि त्यांना आंबूस कुजका वास येत होता. तो वास अर्चनाताईंच्या चांगल्या ओळखीचा होता. जिथे हवा पोचत नाही तिथे जे जंतू माजतात, त्यांचा तो वास. एकोणतीस वर्षं त्यांनी तो बाटल्यांची झाकणं उघडून घेतला होता. झाड आजाराने मेलं नव्हतं, थंडीनेही नाही. त्यांनी ते बुडवून मारलं होतं.

पालथ्या कुंडीवर बसून त्या रडल्या. थोड्याथोडक्या नाही, चांगल्या रडल्या. मिलिंदराव गेले तेव्हा पाहुण्यांच्या आणि कागदपत्रांच्या गडबडीत जेवढं रडायचं राहून गेलं होतं, तेही त्यात निघालं. मग नाक पुसून त्यांनी त्याच खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि घड्याळ लावलं. नागावच्या वाळूत एवढं पाणी बादली खाली ठेवेपर्यंत जिरलं असतं. इथे दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं पाणी तसंच. चिकणमातीत खणलेला खड्डा म्हणजे एक मोठं भांडंच झालं होतं. जमिनीत जमिनीत म्हणता म्हणता त्यांनी झाड पुन्हा कुंडीतच लावलं होतं, आणि तीही बुडाला भोक नसलेल्या. हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचा इतका राग आला की रडू पार आटून गेलं.

आता प्रश्न पैजेचा होता. अट त्यांचीच, आणि त्या हरल्या होत्या. त्या रविवारी फोनवर अपूर्वने विचारलं, “तो झाड कसा आहे?” अर्चनाताईंनी कॅमेरा नेच्यांकडे वळवला आणि नेचे कसे छान फुटलेत हे पाच मिनिटं सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांना आपली लाज वाटली. मुलाशी त्या असं कधी वागल्या नव्हत्या. माळ्यावरची मोठी बॅग त्यांनी खाली काढली, उघडली, तिच्यात काय ठेवायचं ते सुचेना, म्हणून परत वर टाकली आणि रोपवाटिकेत गेल्या.

या वेळी त्यांनी आळ्याच्या बरोबर उलटं केलं. खड्डा नाही, उंचवटा. नऊ फूट रुंद, मधे दीड फूट उंच. आधी खालची चिकणमाती काट्याच्या फावड्याने हलवून मोकळी करायची, मग जाड खडी, मग चांगली माती आणि कुजलेली पानं. मनगट दुखायचं, म्हणून दहा मिनिटं काम आणि दहा मिनिटं कुंडीवर बैठक, असा हिशेब ठेवून त्यांनी तीन आठवडे काढले. डेरिकला मेलेलं झाड दिसलं होतं, पण त्याने खंदकाचं नाव काढलं नाही. दोन वर्षं कुजवलेल्या पानांची चार पोती त्याने गुपचूप कुंपणावरून अलीकडे सोडली. एप्रिलच्या शेवटी नवा मेपल उंचवट्यावर चढला. पहिल्यापेक्षा लहान, जेमतेम कमरेएवढा. मुळांचा माथा मातीच्या अगदी सपाटीला राहील इतकाच त्यांनी तो पुरला. काठ थापायला हात आपोआप पुढे गेले, ते त्यांनी मागे घेतले.

मे महिन्यात पूर्वेचा कोरडा वारा सुटला आणि कोवळ्या पानांच्या कडा करपायला लागल्या. अर्चनाताईंनी चार बांबू रोवले आणि त्यांना आपली जुनी सुती साडी बांधली. निळ्या काठांची ती साडी दहा दिवस बागेत फडफडत होती, आणि डेरिक येणाऱ्याजाणाऱ्याला ती कशासाठी आहे ते जणू कल्पना त्याचीच असल्यासारखं मोठ्या अभिमानाने समजावत होता. जूनमध्ये गोगलगाईंनी होस्टाची चाळण केली. पहाटे हातमोजे घालून दोन आठवडे गोगलगाई वेचल्यावर त्यांनी होस्टा काढून टाकले आणि त्या जागी आणखी नेचे लावले. आलेखाच्या कागदावर सगळं शोभतं, गोगलगाईंना कागद वाचता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रोज मातीत बोट खुपसून बघायचं. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर हात मागे. पाणी न घालणं त्यांना घालण्यापेक्षा जास्त जड गेलं.

दिवाळीला अपूर्व आला. कस्तुरी आणि आर्या दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. चहाचा कप घेऊन तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिला. बाहेर उंचवट्यावर तो एवढासा मेपल शेंड्यापासून खालपर्यंत लाल झाला होता. पायाशी नेच्यांची हिरवी गर्दी, कडेला पिवळं पडत चाललेलं गवत. जिथे त्याची आई पडली होती तिथे आता बारीक खडीची कोरडी वाट होती.

“ओके, आई,” तो हसून म्हणाला. “यू विन. मी आता काही बोलणार नाही.”

इथे गप्प बसायला काय हरकत होती? सहा महिने झाकलेलं आणखी झाकलं गेलं असतं. पण अर्चनाताईंचा हात ओट्यावरून फिरायचा थांबला.

“हे ते झाड नाही,” त्या म्हणाल्या. “ते मेलं. मीच मारलं, पाणी तुंबवून. एप्रिलमध्ये दुसरं आणलं आणि तुला सांगितलं नाही.”

अपूर्वने कप खाली ठेवला. “म्हणजे तू हरलीस.”

“हरले.”

“मग बॅग?”

“बॅग भरणार नाही. ती पैजच चुकीची होती. झाड मेलं म्हणून जागा सोडायची नसते, अपूर्व. का मेलं ते बघायचं, आणि तिथेच दुसरं लावायचं. बाबा गेले तेव्हा मला वाटायचं, आता इथे कुणासाठी राहायचं. तेव्हा म्हणाला असतास तर मी तुझ्या मागून आले असते. आता नाही येणार. मी पडले तर पुन्हा पडेन, त्याला तू घाबरतोस, मलाही भीती वाटते. तरी मी इथेच राहणार.”

दार उघडून अपूर्व पायमोज्यांवरच बाहेर गेला, उंचवट्याभोवती फिरला, खाली वाकून बुंध्याशी हात लावून आला. परत येऊन त्याने विचारलं ते भलतंच. पहिला झाड कुठे चुकला ते सांग. त्यांनी नागावच्या आळ्यापासून भोक नसलेल्या कुंडीपर्यंत सगळं सांगितलं, आणि तुझ्या घरामागे काय आहे म्हणून विचारलं. तो जरा ओशाळला. फरशांचा पॅटिओ आहे आणि कुंड्या आहेत, असं म्हणाला. कस्तुरीची कंपनी कदाचित लंडनला पाठवेल, म्हणून जमिनीत काही लावलं नाही. किती वर्षं झाली त्या घरात, असं अर्चनाताईंनी विचारलं. अकरा, तो म्हणाला, आणि कप उचलून विसळायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्चनाताई चकल्या तळत होत्या, तेव्हा तो कुठे जातो ते न सांगता बाहेर पडला. तासाभराने आला तो हातात पिशवी घेऊन. डेरिककडून त्याने ड्रिल मागून आणलं होतं. पिशवीत दोन पांढरी हँडलं होती, भिंतीला लावायची. एक बाथरूमसाठी आणि एक बागेत उतरायच्या पायरीसाठी. त्याने पेन्सिलने भिंतीवर खूण केली आणि आईला हाक मारली.

अर्चनाताई हात पुसत दाराशी आल्या. खुणेवर तळवा ठेवून त्यांनी एक पायरी उतरून पाहिली, परत वर आल्या आणि पुन्हा उतरून पाहिली.

“दोन इंच खाली घे,” त्या म्हणाल्या. “अजून बरीच वर्षं धरायचंय मला ते.”